शेततळ्यात मासे किती सोडावेत?

(आकाशवाणीवरील शेतीविषयक कार्यक्रमातील भाषण. भाषणकर्ते : कृषी विस्तार अधिकारी)

श्रावण-भाद्रपदात शेततळी भरली की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, तळ्यात मासे सोडायचेत. हजार सोडू का दोन हजार?" काही जण तर विचारतही नाहीत. मत्स्यबीज स्वस्त मिळतं, तळ्यात पाणी मावत नाही, मग हात आखडता कशाला घ्यायचा, असा विचार करून जेवढं बीज मिळेल तेवढं आणून ओततात. चार-पाच महिने सगळं ठीक दिसतं. मग चैत्रात एखाद्या दिवशी पहाटे तळ्यावर जावं तर मासे पांढरी पोटं वर करून तरंगताना दिसतात. नाहीतर मासे जगतात, पण बोटभराचे वीतभर झाले की तिथेच थांबतात, आणि व्यापारी ते हातात घेऊन परत टोपलीत टाकतो.

दोन्ही नुकसानींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. मासे भाद्रपदाच्या पाण्यावर मोजलेले असतात आणि त्यांना राहायचं असतं चैत्राच्या पाण्यात. म्हणून आज मी फक्त एवढंच सांगणार आहे, की आपल्या तळ्याला किती मासे पेलतील याचा हिशेब कसा करायचा. तो घरच्या घरी करता येतो. त्याला मीटरची पट्टी, एक दोरी आणि पाटी-पेन्सिल पुरते.

तळं वजन पोसतं, नग नाही

आपल्याकडे कडब्याची एक गंज असली तर पाऊस पडेपर्यंत तिच्यावर किती जनावरं निघतील हे आपण बरोबर ओळखतो. दोन बैल निघतील तिथे आपण सहा बांधत नाही. बांधली तर सहाही हाडकतील. तळ्याचं तसंच आहे. ठराविक पाण्यात ठराविक वजनाचेच मासे पोसले जातात. समजा एका तळ्यात २१० किलो मासे निघू शकतात. तिथे २८० मासे असतील तर प्रत्येक मासा पाऊण किलोचा होईल. तिथेच १,४०० मासे असतील तर प्रत्येक जण दीडशे ग्रॅमवर अडेल. वजन तेवढंच, पण पाऊण किलोच्या कटल्याला जो भाव येतो तो दीडशे ग्रॅमच्या माशाला येत नाही. बीज जास्त, खाद्य जास्त आणि पदरात पैसे कमी, असा तो व्यवहार होतो.

पहाटेची हवा

मासे एकदम का मरतात, तेही समजून घ्या. माशाला पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. तो दोन वाटांनी येतो. थोडा वाऱ्याने, पाण्याच्या पृष्ठभागातून. बराचसा पाण्यातल्या हिरव्या शेवाळातून आणि पाणवनस्पतींतून, पण तो ऊन असतानाच. दिवस मावळला की तेच शेवाळ आणि त्याच वनस्पती प्राणवायू तयार करायचं थांबवतात आणि माशांसारख्याच तो वापरू लागतात. तळाशी कुजणारं शेण आणि उरलेलं खाद्यही तो खातं. त्यामुळे रात्रभर प्राणवायू घटत जातो आणि पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, सगळ्यांत कमी असतो.

त्यात उन्हाळ्याची भर पडते. गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो, कोमट पाण्यात कमी. २० अंशाच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम मावत असेल, तर ३० अंशाच्या पाण्यात साडेसातच मावतो. आपल्या माशांना ५ मिलिग्रॅम असला की बरं असतं. ३ च्या खाली गेला की ते वर येऊन तोंड उघडून हवा घेऊ लागतात. म्हणजे उन्हाळ्यात पाणी कमी, प्राणवायू कमी, आणि मासे मात्र तोवर सर्वांत मोठे झालेले. दिवसभर आभाळ राहिलं आणि वारा पडला, तर त्या रात्रीचा भरवसा धरू नका. अशा वेळी बहुधा मोठे मासे आधी दगावतात, म्हणजे विकायला आलेला मालच आधी जातो.

आपलं पाणी मोजा

आता हिशेबाला लागू. राज्यात २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू झाली. तिच्यात मोठ्यात मोठं तळं होतं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. अशी तळी आता पुष्कळ गावांत आहेत, म्हणून तेच उदाहरण घेतो.

काठोकाठ भरलेलं असताना पाण्याचा पृष्ठभाग ३० गुणिले ३०, म्हणजे ९०० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर, तेव्हा हे झालं ९ गुंठे. तळ्याच्या बाजू उतरत्या असतात. उतार एकास एक धरला तर तळ २४ मीटर बाय २४ मीटरचा राहतो आणि तळ्यात सुमारे २,२०० घनमीटर पाणी मावतं.

आता बागेला ठिबक चालू झालं, ऊन तापलं आणि पाणी दीड मीटरने उतरलं. पृष्ठभाग राहिला २७ गुणिले २७, म्हणजे ७२९ चौरस मीटर, सव्वासात गुंठे. काठावर उभं राहून पाहिलं तर वाटतं, फार काही उतरलं नाही. पण पाणी किती उरलं? जेमतेम ९७५ घनमीटर. निम्म्यापेक्षाही कमी! डोळ्यांना पसारा दिसतो, खोली दिसत नाही. फसगत होते ती इथेच.

म्हणून तळ्यात एक खुणांचा बांबू उभा करा. अर्ध्या-अर्ध्या मीटरवर रंगाच्या खुणा करा. अस्तर प्लॅस्टिकचं असेल तर बांबू रोवू नका. काठावरून उतारावर एक दोरी सोडा आणि खोलीप्रमाणे तिला गाठी मारा. मागच्या वर्षी फाल्गुन-चैत्रात आपल्या तळ्यात पाणी कुठवर होतं, हे आठवून त्या खुणेवर हिशेब करा. यंदा बाग वाढवली असेल तर पाणी आणखी लवकर उतरेल, तेही धरा.

गुंठ्याला ३० किलो

पुस्तकात आपल्याला हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकली असा आकडा आढळेल. तो खोटा नाही. १९७१ सालापासून आपल्या देशात मिश्र मत्स्यशेतीचे समन्वित प्रयोग झाले आणि नीट निगा ठेवली तर वर्षाला हेक्टरी ३ ते ५ टन उत्पादन मिळू शकतं, असं दिसून आलं. पण तो हिशेब वर्षभर पाणी टिकणाऱ्या, खत-खाद्य वेळेवर मिळणाऱ्या तळ्यांचा आहे. आपलं शेततळं मुळात पिकाच्या पाण्यासाठी आहे. मासे हे त्यातलं जोडपीक. म्हणून पहिल्या वर्षी खालचीच मर्यादा धरा. हेक्टरी ३ टन, म्हणजे शेवटच्या पाण्याच्या दर गुंठ्याला ३० किलो मासे. पाणी मात्र निदान दीड मीटर खोल पाहिजे.

आता आपल्या उदाहरणाचा हिशेब असा :

शेवटचं पाणी सव्वासात गुंठे. आपण ७ धरू. ७ गुणिले ३० म्हणजे २१० किलो. प्रत्येक मासा पाऊण किलोचा हवा असेल तर २८० मासे. हे झाले काढणीच्या वेळचे. सोडलेले सगळेच हाती लागत नाहीत. काही वाहतुकीत जातात, काही बगळे, पाणकावळे, साप उचलतात. बोटाएवढी चांगली बोटुकली सोडली तर शंभरातली सत्तर-ऐंशी मिळतील असं धरून चालतात. आपण पंचाहत्तर धरू. मग २८० हाती यायला सुमारे ३७५ बोटुकली सोडावी लागतील.

बघा, ९ गुंठ्यांच्या भरल्या तळ्यात ३७५! ऐकायला कमी वाटतं. हजार-दोन हजार सोडणाऱ्याला तर ही थट्टाच वाटेल. पण चैत्रातलं पाणी डोळ्यांपुढे ठेवा, म्हणजे आकडा पटेल. आपल्या बाजारात अर्ध्या किलोचा मासा चांगला खपत असेल तर काढणीला ४२० मासे चालतील, म्हणजे सोडायची ५६०. त्याहून जास्त सोडायची असतील तर पाण्यात हवा खेळवण्याचं यंत्र आणि त्याला भरवशाची वीज आधी पाहिजे.

आपल्या तळ्याचा हिशेब याच रीतीने करा. आधी शेवटच्या पाण्याचे गुंठे, त्याला ३० ने गुणा, मग हव्या त्या वजनाने भागा, आणि शेवटी मरतुकीची भर घाला.

कोणते मासे, कोणत्या प्रमाणात

कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. म्हणून तिघे एकत्र सोडले तर एकमेकांच्या घासाला आड येत नाहीत. मातीच्या तळ्यात साधारणपणे कटला ४०, रोहू ३० आणि मृगळ ३० असं शेकडा प्रमाण ठेवतात. प्लॅस्टिक अस्तराच्या तळ्यात तळाशी माती नाही, त्यामुळे मृगळाला तिथे खायला कमी मिळतं. तिथे मृगळ कमी करून रोहू वाढवा. आपल्या ३७५ बोटुकल्यांत कटला १५०, रोहू १५० आणि मृगळ ७५, अशी वाटणी ठीक होईल.

मातीच्या तळ्यात पाणगवत माजलं असेल तर पाच-दहा गवत्या मासे सोडा. ते गवत खातात. पण तेही वरील संख्येतच मोजा, वेगळे धरू नका. चंदेरा हा मासाही वरच्याच थरात खातो, तेव्हा तो सोडायचा असेल तर तितके कटले कमी करा. गवत्या आणि चंदेरा हे दोन्ही परदेशी मासे १९५९ साली आपल्या देशात आणले गेले.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कटला, रोहू आणि मृगळ साचलेल्या तळ्यात आपणहून अंडी घालत नाहीत. पूर्वी त्यांचं बीज नदीतूनच धरून आणावं लागे. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांचं प्रजनन घडवून आणलं, आणि तेव्हापासून बीज केंद्रावर तयार होऊ लागलं. त्या कामाची आठवण म्हणून १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आपल्याला यातून कामाची गोष्ट एवढीच, की हे मासे तळ्यात वाढत नाहीत, तेव्हा आपण सोडले तेवढेच राहतात. संख्या आपल्या हातात राहते.

चिलापीचं तसं नाही. उजनीची चिलापी सगळ्यांच्या ओळखीची आहे, खायलाही चांगली आहे. पण साधी चिलापी तळ्यातच पिलावते. पन्नास सोडली तर वर्षाअखेर किती झाली ते मोजता येणार नाही, आणि सगळी बारीक. सायप्रिनसही साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि मातीचे काठ उकरतो. म्हणून पहिल्या वर्षी या दोघांच्या वाटेला जाऊ नका. आफ्रिकन मागूर तर पाळायलाच बंदी आहे. कुणी कितीही गोड बोलून बीज देऊ लागला तरी घेऊ नका.

बीज मोजून घ्या

लहान जिरे स्वस्त मिळतात म्हणून ते थेट तळ्यात ओतू नका. त्यातले किती जगले ते कळत नाही, आणि ते कळलं नाही की सगळा हिशेब बसतो. आठ-दहा सेंटिमीटरची बोटुकली घ्या. जुलै ते सप्टेंबर हा बीज मिळण्याचा हंगाम. एक लहान चाळणी भरून त्यातली बोटुकली एकदा नीट मोजा आणि तशा किती चाळण्या ते धरा. आलेल्या पिशव्या सकाळी किंवा संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवा. मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या आणि बोटुकली आपणहून बाहेर पडू द्या. किती मेली तेही मोजा आणि वहीत लिहा.

दर महिन्याचा ताळा

भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड सारखी मिसळून खाद्य देता येतं. सुरुवातीला बोटुकली दहा-दहा ग्रॅमची असतात. ३७५ बोटुकल्यांचं वजन चार किलोही भरत नाही. त्यांना दिवसाला पाव किलोपेक्षा कमीच खाद्य लागतं. पुढे वजनाच्या शेकडा दोन ते तीन भाग द्या. तासा-दोन तासांत संपतं तेवढंच द्या. उरलेलं खाद्य कुजतं आणि पहाटेचा प्राणवायू खातं. शेणखतही जपून. ठिबकचं पाणी याच तळ्यातून जात असेल, तर जास्त शेवाळ झाल्यावर गाळण्या आणि ड्रिपर तुंबतात. पाणी फार हिरवं झालं का, हे पाहायला कोपरापर्यंत हात पाण्यात घाला. तळवा दिसेनासा झाला तर खत बंद करा.

महिन्यातून एकदा, खाद्य खायला आलेले दहा-वीस मासे हातजाळीने धरून वजन करा आणि सरासरी काढा. तिला माशांच्या अंदाजे संख्येने गुणा, म्हणजे तळ्यात आज एकूण किती किलो मासे आहेत ते कळेल. मग आज पाणी किती गुंठे आहे ते पाहा. समजा माघात सरासरी अर्धा किलो भरली. २८० माशांचे १४० किलो झाले. पाणी ८ गुंठे आहे, म्हणजे २४० किलो पेलतील. काळजी नाही. चैत्रात सरासरी पाऊण किलो झाली, एकूण २१० किलो, आणि पाणी ७ गुंठे. आता काटा बरोबर टेकला. या दिवशी विरळणी सुरू करायची. जोंधळ्याची विरळणी आपण पीक कोवळं असताना करतो, माशांची विरळणी उलट, मोठे झालेले आधी काढायचे. ते विकले जातात आणि मागच्यांना जागा होते.

पाणी दीड मीटरच्या खुणेखाली गेलं तर गुंठे मोजत बसू नका, विक्रीची बोलणी सुरू करा. एक मीटरवर आलं की सगळं तळं काढा. आणखी चार दिवसांनी भाव वाढेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही.

मासे वर आले तर

पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेत असतील तर उशीर करू नका. खाद्य आणि खत त्या दिवशी बंद. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी उंचावरून, फवाऱ्यासारखं तळ्यात पडेल असं सोडा. दुसरं पाणी नसेल तर मोटारीने तळ्याचंच पाणी उपसून घमेल्यावर किंवा पत्र्यावर आदळत परत तळ्यात पाडा. शेतीपंपाला रात्रीची वीज येत असेल तर तिचा इथे उपयोग होईल. आभाळ आलेल्या रात्री पहाटेचे दोन-तीन तास पाणी फिरवलं तर पुष्कळ मासे वाचतात. पण हा उपाय एखाद्या दिवसाचा. रोज असं करावं लागत असेल तर मासे जास्त झाले आहेत. ते कमी करा.

जाता जाता आणखी एक. प्लॅस्टिकच्या तळ्याचा काठ निसरडा असतो. पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेल्या जाड दोऱ्या तळापर्यंत सोडा, हवा भरलेली एक ट्यूब काठावर ठेवा, कुंपण करा आणि खाद्य टाकायला लहान मुलांना एकटं पाठवू नका.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. मासे भरल्या तळ्यावर मोजू नका. फाल्गुन-चैत्रात उरणाऱ्या पाण्यावर मोजा.

२. उरलेल्या पाण्याच्या दर गुंठ्याला ३० किलो मासे. खोली निदान दीड मीटर.

३. एकूण किलोंना एका माशाच्या हव्या त्या वजनाने भागा. शंभरात पंचवीस मरतूक धरून बोटुकली सोडा.

४. कटला, रोहू, मृगळ यांची मोठी बोटुकली घ्या. मोजून घ्या, मोजून सोडा.

५. दर महिन्याला वजन आणि पाणी यांचा ताळा घ्या. काटा टेकला की मोठे मासे विका.

६. आभाळाच्या रात्री आणि उन्हाळ्याच्या पहाटे तळ्यावर एक फेरी मारा.

बंधूंनो आणि भगिनींनो, यंदा तळं भरलं की बीज आणायला निघण्याआधी वही काढा आणि हा हिशेब एकदा मांडून पाहा. अडलं तर आपल्या तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जरूर विचारा. येताना तळ्याची लांबी, रुंदी, खोली आणि मागच्या उन्हाळ्यातली पाण्याची खूण लिहून आणा, म्हणजे तुमच्या तळ्याचा आकडा तिथल्या तिथे काढून देता येईल.